वीतभर नंदी आणि लहान हत्यारे

श्रावण महिन्याच्या अमावास्येला पोळा येतो. वर्षभर शेतात राबणाऱ्या बैलांना त्या दिवशी न्हाऊ घालतात, त्यांची शिंगे रंगवितात, पाठीवर झुली घालतात आणि पुरणपोळीचा घास देऊन त्यांना तोरणाखाली उभे करतात. विदर्भात हा सण एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा पोळा भरतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल असतात, तर मुलांच्या पोळ्यात लाकडाचे नंदी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आली आहे, असे सांगतात.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटातही तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लहानथोर नंदी घेऊन मुले बाहेर पडतात. वणा नदीच्या काठचे हे गाव कापसाच्या पेठेसाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. येथील कापूस त्या काळी ‘हिंगणघाट’ याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. शेतातला कापूस पेठेत आणावयाचा तर बंडी हवी, बंडीला बैल हवेत आणि बंडी घडविण्यासाठी वाढई हवा. या भागात सुताराला वाढई म्हणतात. वखर, डवरा, तिफण ही अवजारेही त्याच्याच हातची. आता कापूस बहुधा ट्रॅक्टरने आणि मालमोटारीने पेठेत येतो. परंतु बैलाचा आणि वाढयाच्या कसबाचा मान तान्ह्या पोळ्याने अजून राखला आहे.

मुलांचा नंदी साधारणपणे एका फळीवर उभा असतो. फळीखाली दोन आस आणि चार चाके असतात. पुढे दोरी बांधली, की नंदी धन्यामागे चालू लागतो. मुले त्याला सजवितात, झडत्या म्हणतात, घरोघर नेतात आणि बोजारा मिळवितात. काही नंदी माणसाच्या उंचीचे असतात, तर काही एका वितीत मावतात. पाहणाऱ्याला वाटते, की मोठा नंदी करणे अवघड आणि लहान नंदी करणे सोपे. पण अनुभवी वाढई याच्या उलट सांगेल.

असे का, ते मापाच्या हिशेबाने समजते. आपल्याकडील जुन्या मापांत आठ जवांचे एक अंगुळ, बारा अंगुळांची एक वीत आणि दोन वितींचा एक हात होतो. बंडीच्या आठ हात लांबीच्या दांडीत एका जवाची चूक झाली, तर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. वीतभर नंदीच्या पायात तेवढीच चूक झाली, तर नंदी लंगडा दिसतो. चाकाचे छिद्र जवभर बाजूला गेले, तर तो प्रत्येक पावलाला डुलतो. वस्तू जितकी लहान, तितकी चूक मोठी. म्हणून लहान कामाला लहान हत्यारे लागतात. ती काही खेळण्यातील हत्यारे नव्हेत. मोठ्या हत्यारांइतकेच चांगले पोलाद आणि तितकीच तीक्ष्ण धार त्यांना हवी. फरक इतकाच, की त्यांचे पान अरुंद, मूठ आखूड आणि वजन हलके असते. त्यामुळे ती खांद्याच्या जोराने नव्हे, तर बोटांच्या संयमाने चालतात.

वाढई बंडीचे लाकूड वाकसाने तासतो. वाकसाचा एक घाव मोठी ढलपी उडवितो. तेच वाकस वीतभर ठोकळ्यावर चालविले, तर एका घावातच नंदीचा कान किंवा शिंग जाईल. लाकूड एकदा निघाले, की पुन्हा चिकटत नाही. सोनाराला चुकलेला दागिना वितळवून पुन्हा घडविता येतो, कुंभाराला ओली माती पुन्हा चाकावर ठेवता येते. पण वाढयाला ती सवलत नाही. त्याला प्रत्येक वेळी थोडेच काढावे लागते, आणि काढण्यापूर्वी विचार करावा लागतो.

या कामाचा आरंभ कापण्याने होत नाही, तो मोजण्याने होतो. त्यासाठी पट्टी, कर्कटक आणि गुण्या ही तीन साधने पुरतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. त्याची जाड बाजू लाकडाच्या कडेला टेकवून पातळ पट्टीलगत रेघ ओढली, की ती कडेशी बरोबर काटकोनात येते. रेघ पेन्सिलीने ओढतात. परंतु जेथे नेमके कापावयाचे असते, तेथे चांगले कारागीर चाकूच्या टोकाने रेघ ओढतात. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. शिवाय चाकूच्या रेघेने लाकडाचे वरचे तंतू आधीच तुटतात. पुढे करवत चालविली, की तिला ठरलेली वाट मिळते आणि कडेच्या चिरफळ्या उडत नाहीत.

आता करवतीकडे वळू या. करवतीचे दात नीट पाहिले, तर ते एका ओळीत दिसत नाहीत. एक दात किंचित डावीकडे, तर पुढचा किंचित उजवीकडे झुकविलेला असतो. त्यामुळे करवतीने पडणारी चीर पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पाते लाकडात अडकत नाही. मोठ्या करवतीचे दात मोठे व विरळ असतात; ती भरभर कापते, पण कड खडबडीत ठेवते. लहान करवतीचे दात बारीक व दाट असतात. ती सावकाश कापते, पण कड स्वच्छ ठेवते.

नंदीच्या पाठीची वळणदार रेषा सरळ पात्याने कापता येत नाही. तिच्यासाठी कमानीची करवत वापरतात. लोखंडी कमानीच्या दोन टोकांमध्ये दोऱ्यासारखे बारीक पाते ताणून बसविलेले असते. इतके पातळ पाते ढकलले तर वाकेल, पण ताणलेले असल्यामुळे ते सरळ राहते. त्याचे दात मुठीकडे तोंड करून बसविले, तर करवत ओढताना कापते. ओढलेली वस्तू सरळ होते आणि ढकललेली वस्तू वाकते, हे तत्त्व दोरीचा तुकडा हाती घेतला तरी पटेल. जपानी सुतारांच्या पातळ करवतीही याच तत्त्वावर, ओढताना कापणाऱ्या, असतात.

करवतीने नंदीचा ढोबळ आकार निघाला, म्हणजे पटाशीचे काम सुरू होते. पटाशी ही एक पाचरच आहे. तिच्या टोकाला धार असते एवढेच. मोठी पटाशी दीड-दोन अंगुळे रुंद असते, तर नंदीच्या पायांमधील जागा मोकळी करण्यासाठी दोन-तीन जव रुंदीची पटाशी लागते. मान व पोट यांच्या गोलाईसाठी गोल धारेची पटाशी घेतात. पटाशी चालविण्याचा एक नियम आहे : आधी तंतू तोडावेत, मग लाकूड सोलावे. लाकूड म्हणजे लांबच लांब तंतूंची घट्ट जुडी असते. तंतू न तोडता पटाशी त्यांच्या दिशेने रेटली, तर चीर वाट फुटेल तिकडे धावते आणि नंदीचा पाय मांडीपासून निघून येतो. म्हणून जेथे थांबावयाचे असेल, तेथे प्रथम तंतूंना आडवा छेद द्यावा. नंतर त्या छेदापर्यंत थोडेथोडे सोलत यावे. पटाशीवर लोखंडी हातोडीने मारू नये. तिची मूठ फुटते. लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. बारीक कामात तर तळहाताचा दाबही पुरतो.

नंदीखालची फळी सपाट करण्यासाठी रंधा लागतो. रंध्याच्या तळातील फटीतून पाते कागदाच्या जाडीइतकेच बाहेर डोकावते, आणि पात्यापुढचा तळ लाकूड दाबून धरतो. म्हणूनच लाकूड न फाटता त्याचे तलम पापुद्रे निघतात. मोठ्या रंध्याचा तळ लांब असतो. तो फळीच्या खळग्यांवरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटेच काढतो. लांब फळी सरळ करण्यास तो उत्तम. परंतु वीतभर फळीवर तो तोलतच नाही. तेथे मुठीत मावणारा छोटा रंधा हवा. एका हाताने तो चालविता येतो आणि फळीच्या कडा व कोपरेही त्याने साफ होतात. मात्र रंधा तंतूंच्या कलाने चालवावा. उलट दिशेने चालविल्यास मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसे तंतू उभे राहतात.

चाकांचा प्रश्न मात्र निराळा आहे. पुष्कळ मुलांना वाटते, की गोल फांदी घेऊन तिच्या चकत्या कापल्या, की झाली चाके तयार. अशी चाके पहिल्या दिवशी सुंदर दिसतात. काही दिवसांनी त्यांना काठापासून मध्यापर्यंत भेगा पडतात. यात मुलाचा आळस नसतो आणि करवतीचाही दोष नसतो. ओले लाकूड वाळताना आकसते. पण ते सगळीकडे सारखे आकसत नाही. लाकडातील वर्तुळांच्या वळणाने ते जितके आकसते, तितके मध्यापासून काठाकडे आकसत नाही. बहुतेक लाकडांत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. मग चकतीचा घेर लहान होऊ पाहतो, आतला भाग त्याला तितकी जागा देत नाही, आणि शेवटी लाकूड फाटते. म्हणून चाके फांदीच्या चकत्यांची न करता चांगल्या वाळलेल्या फळीतून कापावीत. नंदीसाठी साग टिकाऊ. शिवणीचे लाकूड हलके असून कोरण्यास सोपे आणि वाळल्यावर आकार राखणारे असते.

चाक कापण्यापूर्वी कर्कटकाने वर्तुळ काढलेले असते. कर्कटकाचे टोक जेथे रुतले, तोच चाकाचा मध्य. छिद्र त्याच ठिकाणी पाडावयाचे. आधी आरीने तेथे एक खोलगट खूण करावी, म्हणजे छिद्र पाडणारे हत्यार घसरत नाही. छिद्रासाठी गिरमिट किंवा सामता वापरतात. गिरमिटाच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते स्वतःलाच लाकडात ओढून घेते. जाड लाकडात हे सोयीचे. पण पातळ चाकाच्या काठाशी गिरमिट पाचरीसारखे लाकूड फाकविते आणि चाक उकलते. सामता तसे करीत नाही. त्याच्या दांडीभोवती धनुष्याच्या दोरीचा वेढा असतो. धनुष्य पुढे-मागे केले, की दांडी उलटसुलट फिरते आणि तिचे टोक लाकूड खरवडत खाली जाते. हे फार प्राचीन हत्यार आहे. सिंधू संस्कृतीतील कारागीर कठीण दगडाच्या लांब मण्यांना बारीक छिद्रे पाडीत. त्यांच्या दगडी टोकांचे अवशेष चन्हुदडो व धोलावीरा येथील उत्खननांत सापडले आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही छिद्र मध्यापासून ढळू न देण्याचीच चिंता असली पाहिजे.

शेवटी कानस आणि काचकागद यांचे काम. लाकडाच्या कानशीवर सुटे सुटे टोकदार दात असतात. त्यांनी उरलेले उंचवटे जातात. मग जाड काचकागद आणि त्यानंतर बारीक काचकागद तंतूंच्या दिशेने घासला, की लाकूड हाताला मऊ लागते. येथे घाई करणाऱ्याचे ओरखडे रंग दिल्यावर उघडे पडतात.

या सर्व हत्यारांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. ती कोणत्याही पेटीत नसते. ती म्हणजे धार. पटाशीच्या तोंडाचा उतार साधारणपणे २५ ते ३० अंशांचा ठेवतात. त्याहून निमुळता ठेवला तर धार लवकर मोडते, बोथट ठेवला तर लाकडात शिरत नाही. पाण्याने किंवा तेलाने भिजविलेल्या धारेच्या दगडावर हा उतार सारखा टेकवून पाते घासावयाचे. मग त्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून उरलेली कोर काढावयाची. दगडाच्या मध्यावरच घासत राहिले, तर तेथे खळगा पडतो आणि धार वाकडी होते. म्हणून दगडाचा सगळा पृष्ठभाग वापरावा.

तीक्ष्ण हत्यार हाती देण्यास घरची मंडळी कचरतात. तेही साहजिक आहे. परंतु जाणता वाढई बोथट हत्यारालाच अधिक भितो. तीक्ष्ण पटाशी थोड्या दाबाने चालते आणि हवी तेथे थांबते. बोथट पटाशीवर जोर द्यावा लागतो. ती निसटली, की तो सगळा जोर हातावर येतो. म्हणून काम करणाऱ्याने तीन गोष्टी विसरू नयेत. लाकूड हातात न धरता शेगड्यात, म्हणजे स्क्रूने आवळणाऱ्या चिमट्यात, घट्ट बसवावे. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत. आणि पहिले काही दिवस जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम करावे.

हाताचे असे काम शाळेत शिकवावे, हा विचार जगात अनेक ठिकाणी झाला. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयुस यांच्या प्रयत्नांनी १८६६ साली प्राथमिक शाळांत हस्तकामाला स्थान मिळाले. पुढे स्वीडनमधील नेस येथे ओटो सॉलोमन यांनी शिक्षकांसाठी विद्यालय चालविले. तेथे परदेशांतूनही शिक्षक शिकावयास येत. त्यांच्या पद्धतीत मुलाच्या हाती पहिले हत्यार चाकूचे दिले जाई, आणि शोभेच्या नव्हे तर उपयोगी अशा लहान वस्तू त्याच्याकडून करवून घेत. मुलाला सुतार बनविणे हा त्यांचा हेतू नव्हता. डोळ्याला अचूकपणा, हाताला संयम आणि मनाला प्रामाणिकपणा यावा, हा होता.

हाच विचार हिंगणघाटाच्या शेजारीच निराळ्या रीतीने मांडला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाचे सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे, अशी गांधीजींची सूचना होती. तिचा आराखडा करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हेच झाकिर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. समितीने सुचविलेल्या मूलोद्योगांत कताई-विणाई व शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. ग्रामोद्योगांतील साधने लोकांनी पाहावीत, समजून घ्यावीत आणि सुधारावीत, हा त्यामागचा उद्देश होता.

वीतभर नंदी करताना हे सारे शिक्षण आपोआप घडते. वर्तुळ काढताना भूमिती येते, चकतीला भेग का पडते ते पाहताना निसर्गाचा नियम कळतो, कमानीची करवत ओढताना ताणाचे बळ समजते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की लाकडापुढे सबब चालत नाही. गणितातले उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरविता येईल. परंतु वाकडे पडलेले छिद्र सरळ आहे असे कितीही सांगितले, तरी नंदी डुलायचा तो डुलतोच. चूक मान्य करावी, दुसरे चाक कापावे आणि पुन्हा मोजावे, एवढाच मार्ग उरतो. असे चार-सहा चाके वाया घालवून जो मुलगा किंवा मुलगी नंदी उभा करते, तिला बाजारातील रंगीत नंदी पाहून हेवा वाटत नाही. ते करण्यात काय काय लागले असेल, हे तिला ठाऊक असते. म्हणून ती त्या अनोळखी कारागिराचा आदरच करते.

तान्हा पोळा संपतो. पुढे नवरात्र येते. खंडेनवमीला वाढई आपली हत्यारे पुसूनपासून पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू आणि फुले वाहतो. वाकस, करवत, रंधा यांच्या रांगेत दोन जव रुंदीची ती पटाशीही असते. तिला वाहिलेले फूल इतरांच्या फुलाहून लहान नसते.

अभ्यास

१. ‘वस्तू जितकी लहान, तितकी चूक मोठी’ हे विधान नंदीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. फांदीच्या चकतीचे चाक काही दिवसांनी का तडकते?
३. तीक्ष्ण हत्यारापेक्षा बोथट हत्यार अधिक धोक्याचे का?
४. गिरमिट आणि सामता यांतील फरक सांगा.
५. तुमच्या गावातील सुताराकडे जाऊन त्याच्या हत्यारांची नावे विचारा व प्रत्येकाचा उपयोग एका वाक्यात लिहा.